‘टेकन’ पाहताना गोळीबारापेक्षा फोनचा प्रसंगच जास्त का हादरवतो?

प्रश्न (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)
तुरीच्या शेतात रानडुकरांसाठी जागलीला असताना मी मचाणावर बसून मोबाइलवर २००८ सालचा ‘टेकन’ पाहिला. सतरा वर्षांच्या मुलीला पॅरिसमध्ये पळवून नेले जाते आणि गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेले तिचे वडील तिला शोधून काढतात, एवढीच कथा. पुढच्या गोळीबारात मी बऱ्यापैकी स्वस्थ होतो; परंतु मुलगी पलंगाखाली लपलेली असताना वडील समुद्रापलीकडून तिला फोनवर सांगतात की ते लोक तुला नेणारच आहेत, तेव्हा माझे हातपाय गार पडले. माझी मुलगी दहावीनंतर अमरावतीला वसतिगृहात राहणार आहे. तिला हा चित्रपट दाखवावा काय?

उत्तर १
आपण जागली करता, म्हणजे उत्तर आपल्याजवळच आहे. तुरीत खसफस ऐकू येते आणि बॅटरीच्या उजेडात काहीच दिसत नाही, तोवर जीव टांगणीला लागतो. डुक्कर एकदा दिसले की हाकारा देता येतो. फोनच्या त्या प्रसंगात वडिलांजवळ फक्त आवाज असतो. त्यातही ते तिला धीर देत नाहीत, काम सांगतात: जे दिसेल ते ओरडून सांग, उंची, केस, खुणा. तोच ध्वनिमुद्रित आवाज पुढे शोधाचा धागा होतो आणि हाती केवळ ९६ तास असल्याचे कळल्यावर प्रत्येक मिनिट मोजावेसे वाटते. मारामारीत मात्र बाप काहीतरी करू शकतो, म्हणून आपण सैलावतो.

उत्तर २
मी दोन मुलींची आई आहे आणि मला या चित्रपटाचा खरा पेच त्याच्या सुरुवातीला दिसतो. वडील परवानगीच्या कागदावर सही करायला कचरतात, आणि मुलगी संगीताच्या दौऱ्यामागे युरोपभर फिरण्याचा बेत त्यांच्यापासून लपवून ठेवते. तो त्यांना विमानतळावर, नकाशा पाहून कळतो. वडिलांची भीती खरी ठरते, म्हणून पाहणाऱ्या बापांना हा चित्रपट फार पटतो. परंतु भीतीपोटीच मुलगी खरे सांगेनाशी झाली, हेही त्यात आहे. आपल्याकडच्या हिरकणीच्या कथेत खलनायक कोणीच नाही. गडाचे दरवाजे बंद, खाली तान्हे बाळ आणि मध्ये कडा. तिथे आईचे धैर्य दिसते, पण बाहेरचे जग वाईट आहे असे मुलाच्या मनावर ठसत नाही. दाखवायचाच असेल तर सोबत बसून दाखवा, वसतिगृहाला निघण्याच्या आदल्या रात्री मात्र नको.

उत्तर ३
पडद्यावरचा बाप एकटाच निघतो. आपल्याला तसे करण्याची गरज नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. मुलीला १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक पाठ असू द्या.

प्रश्नकर्ता
ताईंचे म्हणणे मनाला लागले. माझ्या मुलीने गेल्या महिन्यात मैत्रिणींसोबत यवतमाळला जाण्याचे विचारले होते आणि मी कारण न सांगता नाही म्हटले होते. तूर सवंगून झाली की आम्ही दोघे मिळून चित्रपट पाहू. त्याआधी मी यवतमाळचा विषय स्वतःहून काढीन.