चकमकीची बातमी की प्रेसनोटची?

रानवाटा:
गडचिरोलीच्या बातम्या पंधरा वर्षं वाचतोय. आता मथळा पाहिला की पुढचं पाठ म्हणता येतं. जहाल नक्षली, डोक्यावर अमुक लाखांचं बक्षीस, मग 'खात्मा' नाहीतर 'कंठस्नान'. (हा शब्द बखरीतून उठून थेट एटापल्लीत कसा आला, देव जाणे.)

कसनासूर-बोरियाची चकमक, 22 एप्रिल 2018. इंद्रावतीतून मृतदेह निघत गेले तसा आकडा वाढला, राजाराम खांदला गावाजवळच्या दुसऱ्या चकमकीतले सहा धरून 40 वर गेला. गट्टेपल्लीचे लोक म्हणत होते, आमची पोरं लग्नाला निघाली होती. पोलिस म्हणाले, दलमात (नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीत) नवीन भरती झालेली. बहुतेक पेपरांनी दोन वाक्यं शेजारी ठेवली आणि हात झटकले.

निवृत्त उपसंपादक:
डेस्कवर बसला नाहीत म्हणून सुचतंय हे. रात्री साडेनऊला तालुका प्रतिनिधीचा फोन, भामरागडात रेंज जेमतेम, "सर, सोळा... नाही, चौदा..." आणि दहाला डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारा अंक) सोडायची. अशा वेळी सहीशिक्क्याचा एकच कागद हाताशी असतो, एसपी ऑफिसचा.

आणि जांभुळखेडा कसं विसरलात? 1 मे 2019, भूसुरुंग, 15 जवान गेले. सोबत गाडीचा खासगी चालकही. त्याला 'शहीद' लिहायचं की 'ठार', यावर आमच्याकडे पान अडलं होतं.

रानवाटा:
मग काय लिहिलंत?

निवृत्त उपसंपादक:
मथळ्यात '15 जवान शहीद'. चालक आत, तिसऱ्या परिच्छेदात.

झाडीपट्टीकर:
दोघंही शहरातले दिसता. 'पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून हत्या' हे वाक्य कुठून येतं, माहीत आहे? प्रेताजवळ टाकलेल्या चिठ्ठीतून. मारणाऱ्याने दिलेलं कारण, पुढे 'संशयावरून' जोडलं की पेपर मोकळा. पोलिसांची प्रेसनोट तुम्हाला खुपते, ही चिठ्ठी नाही खुपत?

आमच्या गावचा एक जण असाच गेला. भांडण धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं होतं, सगळं गाव जाणतं. त्याची बायको आजही 'खबऱ्याची बायको'च आहे. रेशनच्या रांगेतसुद्धा.

निवृत्त उपसंपादक:
प्रतिनिधीने धुऱ्याचं छापलं असतं तर पुढची चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली असती. मोटारसायकलने त्याच रस्त्यावरून जायचं असतं त्याला, आणि मानधन किती तुटपुंजं ते विचारू नका.

झाडीपट्टीकर:
धुऱ्याचं नका छापू. पण 'खबरी' शब्द गाळला असता तर कोणी गोळी घातली असती? 'एकाची हत्या', बस.

निवृत्त उपसंपादक:
कारण नसलेली बातमी वाचक अर्धवट म्हणतो. पण हो, तो शब्द मी स्वतः किती वेळा मथळ्यात चढवला असेल, मोजदाद नाही. जागेत नेमका बसायचा.

रानवाटा:
ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपतीने साठ जणांसह शस्त्रं ठेवली, तेव्हा मुख्यमंत्र्यांसोबतचे मोठमोठे फोटो पाहिले. आता तरी कोणी त्या गावांत जाईल का?

झाडीपट्टीकर:
येतात की. लोहखाणीबद्दल विचारतात, चहा पितात, जातात.

निवृत्त उपसंपादक:
गाव कोणतं तुमचं? आमचा तिकडचा जुना माणूस अजून लिहितो. सांगून बघतो.

झाडीपट्टीकर:
इथे नाही लिहिणार. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.