मदत हवी आहे: चाळिशीनंतर फ्रेंच, तोंडी परीक्षेत अडकलंय

नमस्कार मंडळी, मी ऑटवात, कॅनडाच्या केंद्र सरकारी नोकरीत. आता सुपरवायझरची जागा खुणावतेय, पण जून २०२५ पासून इंग्रजी-फ्रेंच द्विभाषिक भागांत अशा नव्या नेमणुकीला दुसऱ्या भाषेची 'सीबीसी' पातळी हवी (सी म्हणजे वरची पातळी): वाचन सी, लेखन बी, बोलणं सी. वाचन-लेखनाचं निभतंय. बोलताना मात्र 'सी जाव्हे स्यू...' (मला ठाऊक असतं तर...) एवढं म्हटलं की पुढचं क्रियापद घशातच अडकतं! घरात इमर्शनवाली (शाळेत फ्रेंचमधूनच शिकणारी) लेक आहे, ती उच्चारांवर खिदळते.

चाळिशीनंतर तोंडी सी कुणी मिळवलंय का? एकट्याची शिकवणी बरी की गटातली? नदीपलीकडच्या फ्रेंचभाषक गातिनोकडचं कुणी सरावाला मिळेल का? भाषाभत्ता वर्षाला जेमतेम ८०० डॉलर, तेव्हा फीचाही अंदाज द्या.