मदत हवी आहे : हंटिंग्टन आजारात वास, स्पर्श आणि हालचालींची जाणीव

माझ्या थोरल्या भावाला हंटिंग्टन आजार आहे. चौथ्या गुणसूत्रावरील, १९९३ मध्ये सापडलेल्या जनुकात सीएजी या डीएनएच्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा त्याहून अधिक झाली की हा आजार होतो आणि मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायेटम या भागातील पेशी हळूहळू मरतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे. माझा प्रश्न संवेदनांविषयी आहे.

गेल्या आठवड्यात दूध करपून घरभर वास सुटला, तरी ओट्याशेजारी बसलेल्या दादाला तो जाणवला नाही. चहाचा कप तो इतका घट्ट धरतो की बोटांची पेरे पांढरी पडतात, आणि पुढच्याच क्षणी पकड सैल होऊन चहा सांडतो. हात हलत असतानाही तो "मी तर स्वस्थ बसलोय" म्हणतो. हा हट्ट नसून, स्वतःच्या हालचालींची जाणीव कमी होणे हा आजाराचाच भाग आहे, हे कळेपर्यंत आम्ही त्याला बरेच बोललो, याचे फार वाईट वाटते.

या आजारात वास ओळखण्याची क्षमता घटते आणि मनगटाच्या नसेला विजेचे सौम्य उद्दीपन दिल्यावर मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, उमटणारा प्रतिसाद क्षीण असतो, असे वाचले. मग बिघाड संदेश पोहोचण्यात असतो, की आलेल्या संदेशांतून नेमके निवडण्यात? मेंदूविज्ञानाच्या जाणकारांनी हे कृपया उलगडून सांगावे. घरी अशा रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी स्वयंपाकघरातील सुरक्षिततेसाठी काय केले, आणि व्यवसायोपचाराचा (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे करता यावीत यासाठीचे उपचार) पकडीसाठी कितपत उपयोग झाला, तेही अवश्य कळवावे.