मदत हवी आहे: गगनबावड्यात कॉटेजच्या शोषखड्ड्याचं काय करायचं?

मंडळी, गगनबावड्याजवळ घरची दोन एकर जागा हाय, तिथं चार कॉटेज आणि एक जेवणाचा सोपा असं छोटं रिसॉर्ट केलंय. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ते सगळं झ्याक. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणातल्या नोंदणीचं बघून झालंय, त्यामुळं तो विषय नको.

अडचण सांडपाण्याची. सेप्टिक टँकच्या पुढं शोषखड्डा काढलाय, उन्हाळ्यात पाणी गपगुमान मुरतंय पण जुलैत जमीनच इतकी भरती की खड्ड्यातनं पाणी उलटं वर येतंय, संडासात फ्लश केला की गुडगुड आवाज येतो आणि पाणी खाली जातच नाही. आणि पाहुणे तर धुकं बघायला पावसातच येणार की!

खड्डा दोनदा उपसला, शेजारी दुसरा काढला, तोबी आठवड्यात भरला. गवंडी म्हणतोय ओढ्यात सोडा, ते करणार नाही, खालच्या वाडीची जनावरं तिथंच पाणी पितात.

आता जमिनीच्या वर बांध घालून, खडी भरून, कर्दळ लावून वाफा करायचा आणि टँकचं पाणी गाळायला त्यात सोडायचं म्हणतोय. वीस माणसं, लाईटचा भरवसा नाही, म्हणून पंपाशिवाय चालणारं पाहिजे. एवढ्या पावसात हे कुणी केलंय का, आणि वाफ्यावर छप्पर घालावं लागतं का?