किशोरवयात वाचलेली, निकाल न देणारी कादंबरी : तुमचा अनुभव सांगा

परवा रात्री माझा चौदा वर्षांचा मुलगा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "आई, त्यानं केलं होतं की नाही, ते शेवटपर्यंत कळतच नाही गं!" पुस्तक होतं वॉल्टर डीन मायर्स यांचं 'मॉन्स्टर' (१९९९). हार्लेममधल्या सोळा वर्षांच्या स्टीव्हवर खटला चालू आहे. औषधाच्या दुकानातल्या दरोड्यात मालकाचा खून झालाय, आणि स्टीव्ह आधी आत डोकावून आला होता, तो टेहळणीसाठीच का, असा प्रश्न आहे. तो निर्दोष सुटतो. आनंदानं वकीलबाईंना मिठी मारायला हात पसरतो, तर त्या कागद आवरायला वळतात. मुलाला तेवढंच सलत होतं. "त्यांना काय दिसलं त्याच्यात?" उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना असं कुठल्या कादंबरीनं अडकवलं? पुढे घरात, वर्गात काय बोलणं झालं? संस्कारकथा नकोत, त्यांत उत्तर आधीच ठरलेलं असतं.

*

पुण्यात आठवी-नववीच्या मुलांचा वाचनगट घेते. लोइस लोरी यांची 'द गिव्हर' (१९९३) आम्ही चार शनिवार वाचली. त्यातल्या समाजात दुःख नाही, भांडण नाही, रंगसुद्धा नाहीत. जोनासचे बाबा बाळांची देखभाल करतात, अतिशय मायाळू माणूस. एकसारखी जुळी जन्मली की दोघांचं वजन करायचं आणि हलकं भरेल त्याची 'मुक्तता' करायची, हे त्यांचं काम. एक दिवस जोनास त्याचं चित्रण पाहतो. बाबा लाडेलाडे बोलत बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात. बाळ हातपाय झाडतं, मग झाडत नाही.

हे पान वाचल्यावर खोलीत कुणी बोलेना. मग एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "आमच्या कुत्र्याला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. घरी सगळे 'झोपवलं' म्हणाले. मी दोन दिवस तो उठायची वाट बघत होतो." ते बरोबर होतं का, हे त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं. कुत्र्याचे हाल होत होते, बाळ धडधाकट होतं, असं काहीतरी मी पटकन बोलून गेले. खोटं नव्हतं ते. पण त्याला अजून बोलायचं होतं आणि मी बोलू दिलं नाही. ती हळहळ अजून जात नाही.

*

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या सोडतीची तिकिटं मुलांनी विकायची असत. फळ्यावर नावं आणि नावापुढे रोजचा आकडा. एका मुलापुढे आठवडाभर शून्य होतं. सर रोज त्याला उभं करत आणि आम्ही हसायचो. मीही हसलोय.

नोकरीसाठी अमेरिकेत आल्यावर लेकीच्या दप्तरात रॉबर्ट कॉर्मिए यांची 'द चॉकलेट वॉर' (१९७४) सापडली. शाळेला वीस हजार खोकी चॉकलेट खपवायची आहेत, प्रत्येक मुलानं पन्नास. जेरी नाही म्हणतो, रोज हजेरीला नाही म्हणत राहतो. शेवटी सगळ्या शाळेसमोर मार खातो आणि मित्राला सांगू पाहतो की तू असलं काही करू नकोस. लेक चिडली होती, "मग लिहिलंच कशाला?" मी तिला फळ्यावरच्या शून्याची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "तो विकत का नव्हता?" तीस वर्षांत हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

*

थोडं विरोधी लिहिते. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुलं एकमेकांच्या जिवावर उठतात, ती विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' मी तेराव्या वर्षी एकटीनं वाचली. त्यातलाच एक मुलगा पिगीवर दगड लोटतो त्या पानानंतर कित्येक दिवस वर्गातल्या मुलांकडे बघायची भीती वाटे. पुस्तक जरूर द्या, पण देऊन निघून जाऊ नका.

*

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) माझी फार लाडकी. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंदा आणि त्याला आवडणारी शिरोडकर. मुकुंदाचं झुरणं वाचून मीही झुरलेय. लेक नववीत गेली तशी मोठ्या हौसेनं तिच्या हातात दिली. तिलाही आवडली. पण मध्येच म्हणाली, "आई, हे सगळं शिरोडकरनं सांगितलं असतं तर कसं झालं असतं?"

मला एकदम आमच्या गावातला क्लासचा रस्ता आठवला. कोपऱ्यावर मुलं उभी असायची. वही छातीशी घट्ट धरून, मान खाली घालून मी झपाझप चालायचे. त्यातल्या एकाचं उभं राहणं मला आवडायचं, हेही खरं. बाकीच्यांमुळे पोटात गोळा यायचा, हेही खरं. लेकीला दोन्ही सांगितलं. तिनं विचारलं, "आवडणाऱ्याला तरी ते माहीत होतं का?" नव्हतं.

आता ती शिरोडकरच्या बाजूनं वहीत काहीतरी लिहितेय. मला अजून दाखवलेलं नाही.