स्पेनमधलं आल्मादेन: पाऱ्याच्या गावाबद्दल कुणी सांगेल का?

रेवती_मा

नमस्कार मंडळी. मुलगा माद्रिदला शिकतो, त्याच्याकडे जाणार आहे. तो तोलेदो, सेगोविया दाखवायचं म्हणतोय, पण मला आल्मादेनला जायचंय. पोटोसीच्या चांदीबद्दल वाचताना हे नाव सारखं येत होतं. चांदी तिकडे दक्षिण अमेरिकेत, मग स्पेनमधल्या एवढ्याशा खाणगावाशी तिचा संबंध काय? आणि आज तिथे बघण्यासारखं काही उरलंय का?

खडकवाटा

रेवतीताई, जरूर जा. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो. हिंगूळ म्हणजे ज्या लाल दगडातून पारा काढतात तो. त्याचा तुकडा मुलांच्या हातावर ठेवला की त्याच्या वजनानेच ती चकित व्हायची. जगात आजवर निघालेल्या पाऱ्यापैकी साधारण एक तृतीयांश, म्हणजे सुमारे अडीच लाख टन, या एका गावाने दिला. निवृत्तीनंतर मुद्दाम जाऊन आलो.

आधी चांदीचं. 1550च्या दशकात मेक्सिकोत पाचुकाला बार्तोलोमे दे मेदिनाने नवी रीत बसवली. चांदीचं धातुक बारीक दळायचं, त्यात मीठ-पाणी आणि पारा कालवायचा. पारा चांदीला धरून ठेवतो, मग तापवून तो उडवला की चांदी उरते. हलक्या प्रतीच्या दगडातूनही चांदी निघू लागली आणि पाऱ्याची मागणी एकदम वाढली. पोटोसीला मात्र पारा मुख्यतः पेरूतल्या वान्काव्हेलिकाहून जायचा. आल्मादेनचा माल बैलगाड्यांनी आणि खेचरांवरून सेव्हियाला, तिथून जहाजाने बहुतांशी मेक्सिकोला. पारा ही राजाची मक्तेदारी होती, त्यामुळे कुठल्या खाणीने किती पारा उचलला यावरून तिथे किती चांदी निघाली असेल याचा सरकारला अंदाज बांधता येई. कर चुकवणाऱ्याला त्यामुळे जड जायचं.

राजा कर्जबाजारी असल्याने खाण 1525 पासून जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या फुगर सावकारांकडे ठेक्याने गेली. मधले काही खंड सोडले तर 1645 पर्यंत ती त्यांच्याकडेच होती. पुढे 19व्या शतकात पाऱ्याच्या विक्रीत रोथशिल्ड घराणं आलं. सावकार बदलले, पण दगड फोडणाऱ्याची दशा फारशी बदलली नाही, आणि मला सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

खाणीला माणसं पुरेनात म्हणून 1566 मध्ये राजाने फुगरांना कैदी दिले. जहाजांवर वल्ही मारण्याची शिक्षा झालेले लोक. नंतर गुलामही आले. 18व्या शतकाच्या शेवटापर्यंत ही सक्तमजुरी चालली. 1593 मध्ये मातेओ आलेमान, जो पुढे कादंबरीकार म्हणून गाजला, सरकारतर्फे चौकशीला आला आणि त्याने कैद्यांच्याच जबान्या घेतल्या. पाणी उपसण्याची मेहनत, भट्टीवरचं काम, फटके, सगळं त्यात आहे. हिंगूळ भाजला की पाऱ्याची वाफ सुटते, ती श्वासातून अंगात जाते. मग हात थरथरतात, तोंड येतं, दात हलतात, माणसाला भ्रम होतो. सोन्याने मढवलेल्या वेदींपुढे लोक हात जोडतात, तशी या जबान्यांपुढे मान झुकवावी असं मला मनापासून वाटतं.

1646 मध्ये वान्काव्हेलिकातली भट्टीची नवी रचना बुस्तामान्ते नावाच्या माणसाने इथे आणली. मातीच्या नळ्या एकीत एक बसवलेल्या, उतारावर लांब रांगेत, वाफ त्यात थंड होऊन पारा गोळा होतो. त्या भट्ट्या आजही उभ्या आहेत. 1755 मध्ये खाणीत आग लागली, ती अडीच वर्षं धुमसत होती. त्याच काळात खाणकामगारांसाठी सान राफाएल रुग्णालय उभं राहिलं. गावातल्या षट्कोनी बैलझुंज-मैदानाचं उत्पन्न आणि त्याला लागून असलेल्या घरांचं भाडं रुग्णालयाच्या खर्चाला जायचं.

सागरपार

बार्सिलोनात राहतो, एक भर घालतो. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू असताना, 1937 च्या पॅरिस प्रदर्शनात तिथल्या प्रजासत्ताक सरकारच्या दालनात शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरचं पाऱ्याचं कारंजं होतं, आल्मादेनशी एकजूट दाखवण्यासाठी केलेलं. आता ते इथे मिरो फाउंडेशनमध्ये काचेआड आहे, वाफ बाहेर पडू नये म्हणून. बार्सिलोनाला येणं झालं तर पाहा.

रेवती_मा

काका, खूप आभार. मुलाला लगेच पाठवलं वाचायला. कैद्यांच्या तुरुंगाचं काही उरलंय का? आणि खाणीत खरंच उतरता येतं?

खडकवाटा

तुरुंग पाडून त्या जागी खाण-अभियांत्रिकीच्या विद्यालयाची इमारत झाली, खाली काही अवशेष आहेत. खाण या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली, 2011 पासून युरोपीय संघाने पाऱ्याच्या निर्यातीवरच बंदी घातली आणि 2012 मध्ये स्लोव्हेनियातल्या इद्रियासोबत आल्मादेन जागतिक वारसा यादीत आलं. हो, उतरता येतं, साधारण 50 मीटर खोल, मार्गदर्शकासोबत. आधी नोंदणी करा, अंगात जाड कपडा ठेवा. वेळ कमी असेल तर बैलझुंजीचं मैदान बाहेरून पाहा, रुग्णालय मात्र सोडू नका. ते आता संग्रहालय आणि कागदपत्रांचं दफ्तर आहे. खाणीत उतरण्याआधी तिथे जा.