मदत हवी आहे: कोणत्या गटाचं प्रतिनिधित्व कमी, हे ऑफिसात कसं ठरवतात?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत नोकरी करते. आमच्या विभागाच्या भरतीचा आढावा माझ्याकडे आलाय आणि ‘अंडररिप्रेझेंटेड मायनॉरिटी’ (प्रतिनिधित्व कमी असलेला अल्पसंख्य गट) कोणाला धरायचं, इथेच गाडी अडलीय.

१०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्या सरकारला ईईओ-१ अहवाल (कर्मचाऱ्यांचा वंश, लिंग वगैरेंची आकडेवारी) देतात. त्यात ‘एशियन’ हा एकच रकाना. भारतीय, चिनी, हमोंग (आग्नेय आशियातला एक समाज), कंबोडियन सगळे त्यातच. आयटीत भारतीय-चिनी भरपूर, म्हणून कमी प्रतिनिधित्वाचे गट ठरवताना बऱ्याचदा अख्खा रकानाच वगळतात आणि त्यातले खरोखर मोजके असलेले लोक दिसतच नाहीत. मला हे फार खुपतं.

इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २००३ मध्ये ठरावीक गटांची यादी सोडली आणि लोकसंख्येतल्या प्रमाणाशी तुलना करायची व्याख्या घेतली. ती जास्त न्याय्य वाटते. पण तुलना कशाशी करायची? देशाच्या लोकसंख्येशी, राज्याच्या, की त्या कामाची पात्रता असलेल्यांशी? आकडा बदलला की गटही बदलतात.

एचआरमध्ये कोणी असेल तर कृपया सांगा: तुमच्याकडे हा आधार कोण ठरवतं? आणि ‘एशियन’ची फोड करायची असेल, तर माहिती ऐच्छिक ठेवून कशी विचारता?